ध्वनिक्षेपक आणि खोली

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात दोन प्रकारचे ध्वनिक्षेपक वापरले जातात. पहिला प्रकार श्रोत्याला आनंद देण्यासाठी बनविलेला असतो. त्याने आवाजात थोडा गोडवा घातला किंवा खर्जाला किंचित उठाव दिला, तरी कोणाची तक्रार नसते. दुसऱ्या प्रकाराचे काम निराळे आहे. त्याने मूळ ध्वनीत काही मिसळू नये आणि त्यातून काही वगळूही नये. सोनाराच्या काट्याने सोन्याला सुंदर करावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. काट्याने खरे वजन सांगावे एवढेच त्याचे काम. ध्वनिमुद्रकाच्या खोलीतील या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिक्षेपकाला 'मॉनिटर' असे म्हणतात आणि तो ध्वनिमुद्रकाचा काटाच असतो. कोणते वाद्य मोठे झाले, गायकाचा श्वास किती जवळून ऐकू येतो, खर्ज किती ठेवावा, हे सर्व निर्णय त्याच्याच साक्षीवर घेतले जातात.

परंतु या काट्यात एक अडचण आहे. मॉनिटर कितीही उत्तम असला, तरी त्याचा आवाज श्रोत्याच्या कानी थेट आणि एकटा कधीच पोहोचत नाही. भिंती, छत, जमीन, समोरचे मेज आणि खिडकीची काच यांवरून परावर्तित झालेला ध्वनी त्याच्यामागोमाग येऊन त्यात मिसळतो. कानाला जे ऐकू येते ते ध्वनिक्षेपक आणि खोली या दोघांचे संयुक्त कार्य असते. या संयुक्त कार्यात खोलीचा वाटा किती मोठा असतो आणि तो कसा आटोक्यात ठेवावा, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

अड्यारचा परिसर

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, अड्यार नदीच्या मुखाजवळ वसलेला अड्यार हा भाग या विवेचनासाठी सोयीचा आहे, कारण ध्वनी ऐकण्याच्या जवळजवळ सर्व परिस्थिती तेथे थोड्याशा अंतरात आढळतात. थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य केंद्र १८८२ पासून तेथे आहे. त्याच्या आवारातील विस्तीर्ण वटवृक्षाखाली मोठमोठ्या सभा भरत असत. या वृक्षाचे मूळ खोड १९८९ मधील वादळात कोसळले. परंतु पारंब्यांपासून वाढलेला त्याचा विस्तार टिकून राहिला. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 'कलाक्षेत्र' ही संस्था याच परिसरात सुरू केली. ती पुढे जवळच्या तिरुवान्मियूर येथे गेली आणि तेथे केरळातील कूत्तंबलम् या मंदिर-नाट्यगृहांच्या धर्तीवर तिचे प्रेक्षागृह उभे राहिले. १९४५ मध्ये मद्रासच्या सेंट्रल पॉलिटेक्निकचा एक विभाग म्हणून चित्रपट-तंत्राचे शिक्षण सुरू झाले. त्यातूनच घडलेली, ध्वनिमुद्रणाचे शिक्षण देणारी संस्था पुढे 'अड्यार फिल्म इन्स्टिट्यूट' या नावाने सर्वत्र ओळखली गेली. एम. जी. रामचंद्रन यांच्याशी निगडित असलेला सत्या स्टुडिओही अड्यारमध्येच होता. आज त्या जागेवर महिला महाविद्यालय आहे.

मोठमोठे चित्रपट-स्टुडिओ मागे पडले, तसे ध्वनिमुद्रणही मोठ्या दालनांतून लहान खोल्यांत आले. पूर्वी पन्नास वादक एकत्र बसतील एवढे दालन आणि त्याला जोडलेले स्वतंत्र नियंत्रणकक्ष असत. संगणक आल्यावर राहत्या घरातील एखादी खोलीही ध्वनिमुद्रणास पुरी पडू लागली. चेन्नईसारख्या संगीतप्रिय शहरात अशा खोल्या बऱ्याच आढळतात. तेथील यंत्रसामग्री अनेकदा उत्तम प्रतीची असते. मात्र खोली ज्या कामासाठी बांधलेली असते ते काम निराळे असते. ती निजण्यासाठी किंवा पाहुण्यांना बसविण्यासाठी बांधलेली असते. येथूनच प्रश्न सुरू होतो.

मोकळे आकाश आणि चार भिंती

वटवृक्षाखाली मोकळ्या जागेत एखादा वक्ता बोलत असेल, तर त्याचा आवाज सर्व दिशांना पसरतो आणि परत येत नाही. ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने घटते, असा नियम आहे. एक मीटरवर जी पातळी असेल ती दोन मीटरवर ६ डेसिबलने, चार मीटरवर १२ डेसिबलने आणि आठ मीटरवर १८ डेसिबलने कमी होते. म्हणूनच मागच्या रांगेतील श्रोत्याला कान टवकारावे लागतात. या परिस्थितीत आवाज क्षीण होतो. परंतु तो बिघडत नाही. जेवढे ऐकू येते तेवढे खरे असते.

चार भिंतींच्या आत याच्या उलट घडते. ध्वनिक्षेपकाजवळून दूर जाऊ लागले की थेट आवाज घटतो खरा, परंतु परावर्तित ध्वनी खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे एका विशिष्ट अंतरानंतर थेट ध्वनीपेक्षा परावर्तित ध्वनीच अधिक होतो. आवाज मोठा राहतो. परंतु त्याचा खरेपणा कमी होत जातो. ध्वनिमुद्रणाच्या लहान खोलीत ध्वनिक्षेपक कानाच्या जवळ, साधारण एक ते दीड मीटरवर ठेवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे कारण हेच आहे. जवळ बसले की थेट ध्वनीचा वाटा वाढतो.

प्राचीन भारतीय विचारवंतांना या प्रश्नाची जाणीव होती. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत. मनुष्यांसाठी बांधावयाचा मंडप चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असावा, त्याहून मोठा असू नये, कारण मोठ्या मंडपात उच्चारलेले शब्द अस्पष्ट होतात, असे तेथे म्हटले आहे. मंडप पर्वतातील गुहेसारखा असावा, त्याला लहान गवाक्षे असावीत आणि वाऱ्याचा झोत आत येऊ नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येते, असेही सांगितले आहे. इमारतीचा आकार आणि आवाजाचा दर्जा यांचा संबंध येथे स्पष्टपणे मांडला आहे. मात्र तो अंकांत मांडण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

निनादाचे मोजमाप

१८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून तयार झाले. परंतु त्यात व्याख्यान समजणे अशक्य झाले. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राही आणि तेवढ्या अवधीत वक्ता पुढची बारा-पंधरा अक्षरे उच्चारून मोकळा होई. या दोषावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, त्या व्याख्यानगृहात मांडाव्यात, ऑर्गनची एक नळी वाजवावी आणि ती थांबल्यावर आवाज नाहीसा होण्यास किती वेळ लागतो ते मोजावे, असा क्रम दीर्घकाळ चालविला. सकाळ होण्यापूर्वी सर्व गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवाव्या लागत.

या कष्टांतून एक अत्यंत साधा नियम हाती आला. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो. आवाज ६० डेसिबलने, म्हणजे मूळ ऊर्जेच्या दहा लाखांश इतका, क्षीण होण्यास लागणारा काळ म्हणजे निनादकाल होय. शोषणाचे एकक उघड्या खिडकीवरून समजते. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून ध्वनी बाहेर जातो आणि परत येत नाही. म्हणून तिचे शोषण एक चौरस मीटर धरतात. १९०० मध्ये खुले झालेले बॉस्टनचे सिंफनी हॉल हे सबाइनच्या नियमाचा आधार घेऊन बांधलेले पहिले संगीतगृह मानले जाते.

हा नियम अड्यारमधील एखाद्या घराच्या खोलीस लावून पाहता येईल. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे असे समजावे. तिचे घनफळ ६० घनमीटर होईल. जमीन २०, छत २० आणि चार भिंती मिळून ५४ असे एकूण ९४ चौरस मीटर पृष्ठ होईल. गिलावा केलेल्या विटांच्या भिंती, काँक्रीटचे छत आणि फरशीची जमीन ध्वनीचे सुमारे तीन शतांशच शोषण करतात. म्हणजे एकूण शोषण सुमारे २.८ चौरस मीटर भरते. ६० ला ०.१६१ ने गुणून २.८ ने भागले असता निनादकाल जवळजवळ साडेतीन सेकंद येतो. नव्या घरात सामान लावण्यापूर्वी बोलताना जो घुमारा जाणवतो, त्याचे गणित हे असे आहे.

ध्वनिमुद्रणाच्या लहान नियंत्रणकक्षात निनादकाल साधारणतः ०.२ ते ०.४ सेकंद असावा असे मानतात. ०.३ सेकंद हे लक्ष्य धरले, तर ३२ चौरस मीटर शोषण हवे. खोलीत तीनही नाही. अजून एकोणतीस हवे. ऐंशी टक्के ध्वनी शोषणारे साहित्य घेतले तरी ते सुमारे ३७ चौरस मीटर पृष्ठावर लावावे लागेल. भिंती आणि छत मिळून ७४ चौरस मीटर होतात. म्हणजे त्यांपैकी निम्मे पृष्ठ झाकावे लागेल. लहान आणि पुष्कळ शोषण असलेल्या खोलीत सबाइनचा नियम काटेकोर ठरत नाही, तो अंदाजापुरताच घ्यावयाचा असतो. तरीही त्यावरून कामाचे प्रमाण ध्यानात येते. कोपऱ्यात एक गालिचा आणि खिडकीला एक पडदा एवढ्याने भागत नाही.

खोलीचे स्वतःचे स्वर

निनाद ही खोलीची एक बाजू झाली. लहान खोलीत याहूनही त्रासदायक अशी दुसरी एक बाजू असते. तंबोऱ्याची तार जशी आपल्या लांबीनुसार ठरावीक स्वरातच झंकारते, तशीच दोन समोरासमोरच्या भिंतींमधील हवाही ठरावीक स्वरांनाच साथ देते. भिंतींमधील अंतर ध्वनीच्या तरंगलांबीच्या निम्मे असेल, तेव्हा जाणारी आणि परत येणारी लाट एकमेकींवर अशा बसतात की खोलीत एक स्थिर तरंग उभा राहतो.

वातानुकूलित खोलीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. ५ मीटर लांबीच्या खोलीत पहिला स्थिर तरंग सुमारे ३५ हर्ट्झ कंप्रतेला, दुसरा ६९ हर्ट्झला आणि तिसरा १०४ हर्ट्झला निर्माण होतो. ४ मीटर रुंदीतून ४३ आणि ८६ हर्ट्झ, तर ३ मीटर उंचीतून ५८ आणि ११५ हर्ट्झ या कंप्रता मिळतात. खोलीचे हे स्वतःचे स्वर होत. वरच्या पट्टीत असे स्वर इतके दाट होतात की कोणताही एक वेगळा उठून दिसत नाही. खालच्या पट्टीत मात्र ते विरळ असतात आणि प्रत्येकाचा प्रभाव स्वतंत्रपणे जाणवतो. उदाहरणादाखल घेतलेल्या खोलीत, निनादकाल ०.३ सेकंदांवर आणल्यानंतरही, सुमारे १४० हर्ट्झच्या खाली खोलीचीच सत्ता चालते.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो हे मृदंगाच्या उदाहरणावरून दिसून येईल. मृदंगाच्या उजव्या तोंडावर काळ्या शाईचा कायमचा लेप असतो आणि डाव्या तोंडाला वादनापूर्वी भिजविलेल्या रव्याचा गोळा लावून त्याचा स्वर खाली उतरवितात. या वाद्यांचे ध्वनी इतर चर्मवाद्यांप्रमाणे बेसूर न राहता सुरेल का असतात, याचा उलगडा मद्रासच्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० पासूनच्या आपल्या संशोधनात केला. गायकाचा षड्ज १४० हर्ट्झच्या आसपास असेल, तर साधारण एक सप्तक खाली लागणारा डाव्या तोंडाचा घुमारा ७० हर्ट्झच्या आसपास येतो. खोलीचा लांबीतून येणारा दुसरा स्वर ६९ हर्ट्झ आहे. दोन्हींची गाठ पडते.

आता ध्वनिमुद्रक खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसला आहे असे समजावे. या स्वरासाठी खोलीच्या मध्यावर ध्वनिदाब सर्वाधिक असतो. त्याला मृदंगाचा डावा घुमारा अवाजवी मोठा वाटतो आणि तो तेवढा भाग कमी करतो. हीच मुद्रिका दुसऱ्या घरात ऐकली की मृदंग पोकळ आणि एकतोंडी वाटतो. त्याऐवजी ध्वनिमुद्रकाची खुर्ची मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर असेल, तर तेथे याच स्वराचा ध्वनिदाब जवळजवळ शून्य असतो. मग तो घुमारा वाढवीत राहतो आणि इतरत्र तेच वादन ढणढणते. दोन्ही वेळा ध्वनिक्षेपक निर्दोष होता, कान निर्दोष होता, वादकाचा हातही निर्दोष होता. निर्णय मात्र चुकला, कारण साक्ष खोलीने दिली होती. वादक निघून गेल्यावर त्याच्या हाताची ओळख पुढच्या पिढीला या मुद्रिकेवरूनच व्हावयाची असते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या चुकीचे मोल कळते.

जवळची परावर्तने

तिसरा परिणाम जवळच्या पृष्ठांचा आहे. ध्वनिक्षेपकाच्या मागे भिंत असेल, तर खर्ज मागे वळून भिंतीवर आपटतो आणि पुढे परत येतो. परतीच्या वाटेला जो उशीर होतो त्यामुळे एका विशिष्ट कंप्रतेला परत येणारी लाट पुढे जाणाऱ्या लाटेच्या नेमकी विरुद्ध पडते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. ध्वनिक्षेपक भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर ही खोड सुमारे ८६ हर्ट्झला पडते; ६० सेंटिमीटरवर असेल, तर १४४ हर्ट्झला. उलट, ध्वनिक्षेपक भिंतीला अगदी टेकवून ठेवला तर सबंध खर्ज फुगतो. कोपऱ्यात ठेवला तर दोन भिंती आणि जमीन अशा तिहींचा भार पडून तो अधिकच फुगतो.

समोरचे मेजही निरुपद्रवी नसते. थेट ध्वनी आणि मेजावरून उसळून आलेला ध्वनी यांच्या मार्गांत अर्ध्या मीटरचा फरक असला, तर सुमारे ३४६ हर्ट्झला, नंतर १०३८ आणि १७३० हर्ट्झला खळगे पडतात. फणीच्या दातांप्रमाणे ठरावीक अंतराने पडणाऱ्या या खळग्यांमुळे गायकाचा आवाज नळीतून आल्यासारखा भासू शकतो. उजवी आणि डावी बाजू सारखी नसेल, म्हणजे एका बाजूस भिंत आणि दुसऱ्या बाजूस उघडा दरवाजा असेल, तर मध्यभागी उभी राहिली पाहिजे अशी गायकाची प्रतिमा एका बाजूस सरकते.

हे परावर्तित ध्वनी स्वतंत्रपणे ऐकू येत नाहीत, ही यातील खरी मेख आहे. जर्मनीतील हेल्मुट हास याने १९४९ मधील आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, थेट ध्वनीनंतर काही सहस्रांश सेकंदांपासून सुमारे तीस सहस्रांश सेकंदांपर्यंत येणारा प्रतिध्वनी कानाला वेगळा जाणवत नाही; तो मूळ ध्वनीतच मिसळतो. तीस सहस्रांश सेकंदांत ध्वनी सुमारे दहा मीटर जातो. लहान खोलीतील पहिली सर्व परावर्तने या मर्यादेत येतात. म्हणून ध्वनिमुद्रकाला 'प्रतिध्वनी येतो आहे' असे कधी वाटत नाही. आपला ध्वनिक्षेपकच असा वाजतो, असे त्याला वाटते. आणि तो बदलून अधिक महाग ध्वनिक्षेपक आणण्याच्या विचारात तो पडतो.

वक्र पृष्ठांचा उपद्रव वेगळाच असतो. विजापूरच्या गोल घुमटात सुमारे ३८ मीटर व्यासाच्या सज्जाच्या एका बाजूला केलेली कुजबुज दुसऱ्या बाजूला स्पष्ट ऐकू येते. रामन यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला आणि त्यात गोल घुमटाचाही समावेश होता. प्रवाशाला जे नवल वाटते तेच ध्वनिमुद्रकाला संकट असते. अंतर्वक्र भिंत ध्वनी गोळा करून एका जागी आणून टाकते; म्हणून नियंत्रणकक्षात ती टाळणेच श्रेयस्कर.

उपायांचा क्रम

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे, तो म्हणजे जागेची निवड. लांबट खोलीत ध्वनिक्षेपक आखूड भिंतीकडे ठेवून लांबीच्या दिशेने ऐकावे. दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या अंतरावर असाव्यात. दोन ध्वनिक्षेपक आणि श्रोत्याचे मस्तक यांचा समभुज त्रिकोण व्हावा. श्रोता लांबीच्या बरोबर मध्यावर नसावा, तसाच मागच्या भिंतीला टेकलेलाही नसावा. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ शतांशांवर, म्हणजे ५ मीटरच्या खोलीत १ मीटर ९० सेंटिमीटरवर, प्रारंभ करावा आणि तेथून थोडे पुढेमागे सरकून पाहावे. हा प्रारंभबिंदू आहे, अटळ नियम नव्हे.

दुसरा उपाय शोषणाचा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंडी ठेवण्याचे पुठ्ठ्याचे साचे भिंतींवर चिकटविले की खोली ध्वनिमुद्रणास योग्य होते, अशी समजूत बरीच प्रचलित आहे. हे साचे वरच्या पट्टीतील थोडा ध्वनी शोषतात. खर्जावर त्यांचा परिणाम होत नाही. सच्छिद्र साहित्य ध्वनीला अडविते ते त्याच्या आत हवेच्या कणांची हालचाल होते तेव्हा. आणि भिंतीला अगदी लागून ही हालचाल जवळजवळ नसते. ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक असते. ८६ हर्ट्झची तरंगलांबी ४ मीटर आहे. तिचा चतुर्थांश १ मीटर. म्हणून खर्ज आवरण्यासाठी जाड थर लागतो, किंवा थर आणि भिंत यांच्यामध्ये हवेची पोकळी सोडावी लागते. सर्व स्थिर तरंगांचा दाब कोपऱ्यांत एकवटतो. त्यामुळे जाड शोषके प्रथम कोपऱ्यांत बसवितात. नुसते पातळ पडदे लावले तर वरचे स्वर मरतात, खालचे तसेच राहतात आणि खोली पूर्वीपेक्षा अधिक बोजड वाटू लागते.

साहित्याची निवड करताना हवामानाकडे पाहावे लागते. समुद्रकाठच्या दमट हवेत कापूस, लोकर आणि उघडा फोम यांना बुरशी लवकर लागते. काचतंतू किंवा खनिज-लोकरीचे थर कापडात नीट बांधून, मागे हवा खेळती ठेवून वापरणे बरे. तामिळनाडू आणि केरळात विपुल मिळणारा काथ्याही पुरेशा जाडीचा थर केल्यास ध्वनी चांगला शोषतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

तिसरा उपाय विसरणाचा. सर्वच ध्वनी शोषून टाकला तर खोली मुकी होते आणि तीत दीर्घकाळ काम करणे थकविणारे ठरते. मान्फ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गणिती क्रमाने खोली बदलणाऱ्या खाचांचे फलक सुचविले. त्यांच्यावर पडलेला ध्वनी एका दिशेने न उसळता सर्वत्र विखुरतो. मोठ्या खोलीच्या मागील भिंतीस असे फलक लावतात. लहान खोलीत ते कानाच्या फार जवळ येत असल्याने तेथे शोषणच अधिक उपयोगी पडते.

चौथा उपाय विद्युत् यंत्रणेचा. ठरावीक कंप्रता कमी-अधिक करणारी यंत्रे आणि संगणकप्रणाली आज सहज मिळतात. खोलीने फुगविलेला स्वर त्यांनी कमी करता येतो. परंतु खोलीने खोडलेला स्वर त्यांनी भरून काढता येत नाही, कारण ध्वनिक्षेपकाचा जोर जेवढा वाढवावा तेवढाच परत येणाऱ्या विरोधी लाटेचाही जोर वाढतो. शिवाय ही दुरुस्ती एका खुर्चीपुरती असते. शेजारी बसलेल्याला ती बाधकही होऊ शकते. म्हणून हा उपाय अखेरीस करावयाचा.

बाहेरचा गोंगाट हा स्वतंत्र प्रश्न आहे. आतील भिंतींवर लावलेले मऊ साहित्य रस्त्यावरील वाहनांचा आवाज थांबवीत नाही. त्यासाठी जड भिंती, दुहेरी काच आणि फटी बुजविलेले दरवाजे लागतात. एवढी बंद खोली चेन्नईच्या उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय चालत नाही आणि वातानुकूलन यंत्राची घरघर नवा गोंगाट निर्माण करते. हवा रुंद नळांतून सावकाश सोडणे, हा त्यावरील मार्ग होय.

खोलीची परीक्षा

खोलीचे दोष ओळखण्यास प्रारंभी उपकरणे लागतातच असे नाही. टाळी वाजवावी, समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये पंख फडफडल्यासारखा आवाज आला, तर त्यांपैकी एक तरी झाकली पाहिजे. ध्वनिक्षेपकावर ६९ हर्ट्झसारखा एकच खालचा स्वर लावून खोलीत सावकाश चालावे. तो कोठे गडगडतो आणि कोठे नाहीसा होतो हे पाहून कोणासही आश्चर्य वाटेल. बाजूच्या भिंतीवर आरसा धरून तो सरकवीत न्यावा. खुर्चीवरून ज्या जागी त्यात ध्वनिक्षेपक दिसेल ती पहिल्या परावर्तनाची जागा समजावी. त्यानंतर मापनाचा मायक्रोफोन वापरून सर्व कंप्रतांचा आलेख काढावा.

ऐकण्याची पातळीही ठरलेली असावी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले की, आवाज हलका झाला की कानाची खर्जाविषयीची संवेदनक्षमता अधिक घटते. रात्री हळू आवाजात जुळविलेला खर्ज सकाळी मोठ्या आवाजात अतिरिक्त वाटतो तो यामुळे. रोज एकाच पातळीवर काम करणे, परिचित मुद्रिका मधूनमधून लावून कान ताळ्यावर आणणे आणि दुसऱ्या घरी किंवा मोटारीत ऐकून पाहणे, या जुन्या सवयी आजही उपयोगी आहेत.

या सर्व विवेचनाचा व्यवहारातील अर्थ एवढाच की, खर्चाचा क्रम उलटा धरू नये. मध्यम प्रतीचा ध्वनिक्षेपक नीट सिद्ध केलेल्या खोलीत जेवढे खरे सांगतो, तेवढे अत्यंत महाग ध्वनिक्षेपक उघड्याबोडक्या खोलीत सांगू शकत नाही. आधी जागा, मग शोषण, त्यानंतर यंत्रे, असा तो क्रम आहे. मुद्रित झालेला सूर पुढे असंख्य खोल्यांत ऐकला जावयाचा असतो. त्या सर्व खोल्यांवर ध्वनिमुद्रकाचा ताबा नसतो. ज्या एका खोलीत तो निर्णय घेतो, तिच्यावर मात्र तो ठेवता येतो.